घरात बेडूक यायला लागले की आधी टॉर्च घ्या, मीठ नको

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं, की बडोद्यात वाघोडिया रोडला नवीन डुप्लेक्समध्ये एप्रिलमध्ये राहायला आलात, जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला आणि त्या रात्रीपासून अंगणात बेडूक दिसायला लागले. एक मोठा खरबरीत बेडूक रोज पायरीपाशी येऊन बसतो, एक बाथरूमच्या टाइलवर चिकटलेला सापडला, आणि मागच्या रिकाम्या प्लॉटमधून रात्रभर एवढा आवाज येतो की झोप लागत नाही. घरात पाच वर्षांची मुलगी आणि एक लॅब्रॅडोर. शेजारच्या बेननी सांगितलं मीठ टाका, निघून जातील. विषारी असतात का, साप येतील का, काय करायचं.

आधी घाईचं सांगून टाकते. मुलीला नुसत्या हात लावण्याने यातल्या एकाचाही धोका नाही, हात लावला तर साबणाने हात धुवायचे आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही, एवढंच. कुत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट माहिती पाहिजे ती खाली लिहिलीये, ती नक्की वाचा. आणि मीठ आजच बंद करा. बेडकाचं कातडं आपल्यासारखं नसतं, तो त्यातून श्वास घेतो आणि पाणीसुद्धा त्यातूनच पितो, तोंडाने कधीच पीत नाही. अशा कातड्यावर मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो तडफडत, हळूहळू मरतो. निघून बिघून जात नाही, कुठेतरी कुंडीमागे जाऊन मरतो आणि दोन दिवसांनी वास येतो तेव्हा कळतं. फिनाईल, ब्लीचिंग पावडर, चुना, सगळ्याचं तसंच.

मी दांडिया बाजारात वाड्यात वाढले, इथेच झूऑलॉजी केलं, 31 वर्षं शाळेत बायॉलॉजी शिकवलं आणि त्यातली बावीसएक वर्षं दर पावसाळ्यात कुठे कोणता बेडूक दिसला, कधी ओरडला याची वही ठेवतेय. त्या वहीवरून सांगते, की तुमच्याकडे "बेडूक" आलेले नाहीत, तुमच्याकडे किमान तीन वेगवेगळे प्राणी आलेत आणि तिघांची येण्याची कारणं वेगळी आहेत. पायरीवरचा जेवायला आलाय, बाथरूममधला ओल शोधत आलाय आणि प्लॉटमधले लग्नाला जमलेत. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते आणि उरलेल्याला उपाय काय करायचा ते आपोआप ठरतं. म्हणून टॉर्च म्हणतेय. आज रात्री नऊ-साडेनऊला बाहेरचा मोठा दिवा बंद करा, टॉर्च घ्या, मुलीलाही घ्या आणि दहा मिनिटं पायरीवर शांत बसा.

पायरीवरचा आधी घेऊ. अंगभर फोड, फोडांच्या टोकाला काळे ठिपके, डोळ्यांवरून नाकापर्यंत काळी उठावदार रेघ आणि डोळ्यामागे दोन्ही बाजूंना राजम्याच्या दाण्यासारखा फुगवटा, असा असेल तर तो आपला नेहमीचा भेक. पुस्तकात भेक म्हणतात, घरी आपण बेडूकच म्हणतो आणि इथे सगळे देडको म्हणतात. काळी रेघ नसेल, रंग फिकट मातकट आणि त्यावर संगमरवरासारखे डाग असतील तर दुसऱ्या जातीचा भेक, तोही बडोद्यात भरपूर आहे. दोघांचीही चाल एकच, उडी मारण्यापेक्षा चालतात, आणि तुम्ही जवळ गेलात तरी पळायची फारशी घाई नसते कारण त्यांचं संरक्षण पायात नसून कातड्यात आहे. ते फोड म्हणजे कुठला रोग नाही, त्यांच्यामुळे आपल्याला चामखीळ येते हेही खरं नाही, चामखीळ व्हायरसमुळे होते आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. उचलला की सू करतो तेही विष नसतं, मूत्राशयात साठवून ठेवलेलं पाणी असतं आणि त्या बिचाऱ्याचा तो उन्हातला साठा असतो, म्हणून उगाच उचलू नये.

तो रोज त्याच पायरीपाशी का येतो? तुमच्या दिव्यामुळे. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती गोळा होतात, पंख गाळून खाली पडतात आणि याचं ताट वाढलेलं असतं. एकदा नीट बघा तो खातो कसा. किडा हलला की तो आधी अंग थोडं पुढे झुकवतो आणि मागच्या पायाचं लांब बोट टिकटिक हलायला लागतं, बाकी सगळं अंग दगडासारखं स्थिर आणि फक्त ते एक बोट थरथरतंय. मग जीभ. जीभ बाहेर आलेली दिसतच नाही एवढी झटकन जाते, तिचं मूळ आपल्यासारखं घशाकडे नसून जबड्याच्या पुढच्या टोकाला असतं त्यामुळे ती पालथी पडल्यासारखी बाहेर फेकली जाते. आणि गिळताना डोळे मिटतो, तुम्हाला वाटेल आवडीने खातोय म्हणून, पण तसं नाही, डोळ्यांचे गोळे खाली टाळूत दाबले जातात आणि ते घास घशात ढकलतात. मी बी.एस्सी.ला असताना आम्ही ट्रेमध्ये टाचण्या लावून बेडूक कापले, प्रत्येक नस, प्रत्येक हाड पाठ होतं, पण डोळ्यांनी गिळतो हे मला माझ्या ओट्यावर बसून, बत्तीस-तेहतीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून ती वही सुरू झाली.

आमच्या अकोट्याच्या घरी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात एक भेकीण चार पावसाळे राहत होती, पाठीवर डाव्या बाजूला एक जुनी खूण होती म्हणून ओळखू यायची. दिवसा खड्ड्यात, रात्री पायरीवर. झुरळं, मुंग्या, भुंगेरे, कुंडीतल्या अळ्या, जे हलेल आणि तोंडात मावेल ते खायची, न हलणारी गोष्ट समोर ठेवली तर तिच्या लेखी ती नसायचीच. तुमचा पायरीवरचा बाबा असाच वर्षानुवर्षं टिकू शकतो, तेव्हा त्याला पाहुणा न समजता शेजारी समजा.

बाथरूममधला वेगळा. टाइलवर उभा चिकटलेला होता म्हणालात, म्हणजे झाडबेडूक. पायांच्या बोटांची टोकं बघा, चपट्या गोल गाद्या दिसतील, त्यांनीच तो काचेवरसुद्धा बसतो. अंग गुळगुळीत, मातकट-पिवळं-तपकिरी, मांडीच्या आतल्या बाजूला पिवळे गोल ठिपके, आणि रंग तो तासाभरात फिका-गडद करू शकतो म्हणून सकाळी वेगळा आणि रात्री वेगळा वाटला तर दोन आहेत असं समजू नका. हा खिडकीतून किंवा गच्चीवरच्या व्हेंट पाइपमधून येतो, कमोडमध्ये सापडतो तो पाइपवालाच. अंगात विष नाही, चावत नाही, उडी मात्र लांब मारतो आणि रात्री दोन वाजता अंधारात अंगावर उडी आली की कोणीही घाबरेल, त्यात तुमची चूक नाही. काढायचा कसा? झाडूने नको. रिकामा प्लॅस्टिकचा डबा ओला करून त्याच्यावर पालथा घाला, भिंत आणि डबा यांच्या मधून जाडसर पुठ्ठा सरकवा, तसाच बाहेर नेऊन झाडाच्या बुंध्याशी किंवा मोठ्या पानावर सोडा. परत येऊ नये म्हणून खिडकीला जाळी आणि व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळीची टोपी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

या झाडबेडकाची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाड्यात आमच्या चौकात पाण्याचं पिंप असायचं, त्याच्या आतल्या कडेला एकदा सकाळी पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, मुठीएवढा, अगदी ताक घुसळताना वर येतो तसा. आजीला वाटलं कोणीतरी कपडे धुवून साबणाचं पाणी उडवलं, तिने तो खराट्याने काढून टाकला. खूप वर्षांनी मला कळलं की ते घरटं होतं. मादी अंगातून एक चिकट द्रव सोडते, मागच्या पायांनी तो घुसळून घुसळून फेस करते आणि अंडी त्यात ठेवते, बाहेरचा थर वाळून पापुद्रा होतो आणि आत ओल टिकते. तीनचार दिवसांत पिल्लं फेसातून सुटून खालच्या पाण्यात टपटप पडतात, म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या वर असतं. तुमच्या टाकीच्या, कुंडाच्या कडेला असा फेस दिसला तर धुऊ नका, किंवा पाणी वापरायचंच असेल तर पापुद्र्यासकट पत्र्याने अलगद सोडवून जवळच्या साचलेल्या पाण्यावर एखाद्या फांदीला टेकवा. माझे असे दोन जगलेत, एक नाही जगला.

आता रात्रीचा आवाज. मागचा प्लॉट खोलगट आहे, पाणी साचतं, म्हणजे ते दरवर्षीचं लग्नघर असणार, तुमची सोसायटी व्हायच्या आधीपासूनचं. ओरडतात ते फक्त नर, माद्या ऐकून निवड करतात. ओळखायचं असेल तर मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दिवसा शांतपणे ऐका, एक एक आवाज वेगळा काढता येतो. लांबलचक, न थांबता कुर्रर्रर्र चाललंय तो भेक. लाकडावर कोणी बोटांनी टकटक-टकटकटक करतंय तो झाडबेडूक. कंगव्याच्या दातांवरून नख जोरात फिरवल्यासारखा करकरीत आवाज येतो तो इतक्या मोठ्याने येतो की तुम्ही हाताएवढा प्राणी शोधाल, आणि तो असतो जेमतेम एका इंचाचा, त्रिकोणी तोंडाचा, पाठीवर गडद नक्षी असलेला, गवताच्या बुडाशी बसलेला. मला तो सगळ्यात जास्त आवडतो. त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, वाटीत पाणी घेऊन बघितलीत तर आतलं काळीज हलताना दिसतं, मुलीला दाखवा आणि परत तिथेच सोडा. अधूनमधून आंग-आंग-आंग असा धातूवर मारल्यासारखा आवाज आला तर तो मातीत राहणारा गोल गरगरीत बेडूक, मागच्या पायाला खुरप्यासारखी कडक गाठ असते आणि तिने तो मागे मागे सरकत जमिनीत जातो, उन्हाळाभर तिथेच. एप्रिलमध्ये तुम्हाला एकही दिसला नाही त्याचं कारण हेच, ते होते सगळे, बरेचसे तुमच्या पायाखाली होते.

आणि पहिल्या एक-दोन दिवसांत भर दिवसा लिंबासारखे पिवळेधमक मोठे बेडूक दिसले असतील, गालाखाली निळे फुगे येणारे, तर फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर दरवर्षी कोणीतरी ते "परदेशी विषारी बेडूक" म्हणून फिरवतं, तसं काही नाही, तो आपलाच साधा मोठा बेडूक, एरवी हिरवट-तपकिरी असतो, नर फक्त लग्नाच्या दिवसांत पिवळा होतो. आम्ही कॉलेजात राना टायग्रिना या शास्त्रीय नावाने कापला तो हाच. याच्या तंगड्या एकेकाळी टनावारी परदेशात जायच्या, इतक्या की 1985 मध्ये याला आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत घातलं आणि 1987 मध्ये आपल्या सरकारने निर्यातच बंद केली. म्हणजे तुमच्या मागच्या प्लॉटमध्ये जो ड्रांव ड्रांव करतोय तो त्यातून वाचलेल्यांचा वंशज आहे. हा गोंधळ फार दिवस चालत नाही, जोराचा आवाज पहिल्या पावसांच्या रात्रींचा, मग पाऊस थांबून परत पडला की पुन्हा थोडा. तेवढ्या रात्री त्या बाजूची खिडकी लावा आणि पंखा मोठा करा, दुसरा उपाय मी सांगणार नाही.

साप. हा प्रश्न तुम्ही योग्य विचारलात आणि "बेडूक असले तरी साप येत नाहीत" असं मी म्हणणार नाही, कारण येतात. साचलेल्या पाण्यापाशी दिवड येतो, बिनविषारी आहे पण चिडका आहे आणि चावतो. नागसुद्धा भेक खातो. पण घराच्या आत साप येतो तो बहुतेक वेळा उंदरामागे आणि लपायला जागा असते म्हणून, आणि त्या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत. बांधकामाच्या उरलेल्या विटा, टाइल, लाकडं भिंतीलगत रचून ठेवली असतील (नवीन घरांत असतातच) तर ती आधी हलवा. बाहेरच्या दाराखाली फट असेल तर रबराची पट्टी लावा, जाळ्यांची भोकं बुजवा, कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री बाहेर ठेवू नका. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि बूट. एखाद्या रात्री लहान बाळाने किंचाळावं तसा आवाज आला तर तो सापाच्या तोंडातल्या बेडकाचा असू शकतो, मी दोनदा ऐकलाय, तेव्हा त्या दिशेला धावत जायचं नाही. साप दिसला तर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याला किंवा साप पकडणाऱ्या माहीतगार माणसाला बोलवा.

आता लॅब्रॅडोर. भेकाच्या डोळ्यामागे जो राजम्यासारखा फुगवटा सांगितला त्यात दुधासारखं विष असतं, ते तो फेकत नाही, चावल्यावर दाबून बाहेर येतं. कुत्र्याने तोंडात धरला की लगेच फेस यायला लागतो, तोंड पंजाने घासतो, डोकं झटकतो. तेव्हा तोंड खाली आणि बाजूला वळवून नळाच्या पाण्याने धुवा, पाणी घशाकडे जाता कामा नये, ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, फडकं धुऊन परत पुसा, पाचदहा मिनिटं हेच. बहुतेक कुत्री एवढ्यावर ठीक होतात. पण उलट्या, लडखडणं, थरथर, सुस्ती यातलं काहीही दिसलं किंवा पिल्लू असेल तर वाट बघू नका, सरळ डॉक्टरकडे, कारण त्या विषातली द्रव्यं हृदयावर काम करतात. एका ओळखीच्या घरी "दूध पाजा, उतरेल" म्हणून दोन तास घालवले गेले, तसं करू नका. पावसाळ्यात रात्रीची शेवटची फेरी पट्टा लावूनच काढा, यात सगळं येतं.

पायरीवरचा हलवायचाच असेल, म्हणजे दारातच बसतोय आणि पाय पडायची भीती वाटते, तर हात ओले करून किंवा सुपलीवर घेऊन तुमच्याच कंपाउंडच्या कोपऱ्यात कुंड्यांमागे ठेवा. पिशवीत घालून आजवा तलावाला किंवा विश्वामित्री नदीच्या काठी नेऊन सोडू नका. त्याला तिथली बिळं माहिती नसतात, आणि इकडचा रोग तिकडे जायचाही धोका असतो. खरं तर दिव्याची जागा बदला, पायरीऐवजी गेटपाशी लावा, तो दिव्यामागे आपोआप जाईल.

कंपाउंडमध्ये दोन गोष्टी मात्र तपासा. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, कारण आत पडलेला बेडूक गुळगुळीत भिंतीवरून वर येऊ शकत नाही, तिथेच मरतो आणि पाणी तुम्ही पिता. उघडा खड्डा, चेंबर असेल तर त्यात एक खरबरीत फळी तिरकी टाकून ठेवा, सकाळपर्यंत जे पडलं असेल ते चालत बाहेर येतं. दुसरं, डास. बेडूक आहेत म्हणजे डास कमी होतील या भरवशावर पिंपात, टायरात पाणी ठेवू नका, बेडूकमासे मुख्यतः शेवाळं खातात, डेंग्यूच्या अळ्यांचा बंदोबस्त ते करत नाहीत. पाणी झाकाच. त्यांच्यासाठी काही ठेवायचंच असेल तर मातीची पसरट थाळी, दोन बोटं पाणी, सावलीत, रोज सकाळी ओतून ताजं भरायचं, भेक रात्री त्यात पोट टेकून बसतो आणि तसाच पाणी पितो.

31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल, सगळं गाव मगरी रस्त्यावर आल्याचं बोलत होतं आणि ते खरंच होतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र पाणी ओसरल्यावर एका डबक्यात काळे बेडूकमासे राहिले, हजारेक तरी, थव्याने फिरणारे, म्हणजे भेकाचे, आणि ऊन पडल्यावर डबकं रोज वीतभर आटायला लागलं. सोसायटीच्या पोरांनी आणि मी मिळून रोज चार बादल्या घातल्या. नळाचं पाणी थेट घातलं नाही, त्यात क्लोरीन असतं, बादल्या दिवसभर उन्हात उघड्या ठेवून संध्याकाळी ओतल्या. तीन आठवड्यांनी नखाएवढे काळे भेक पार्किंगभर झाले, दोन दिवस सगळ्यांनी गाड्या गेटबाहेर लावल्या. तुमच्या प्लॉटमध्येही ऑगस्टच्या आसपास हे होईल, संध्याकाळी गाडी काढताना चाकांपुढे टॉर्च मारून बघायला मुलीला सांगा, तिला ते काम आवडेल.

बाथरूमवाला परत आला तर त्याच्या बोटांचा जवळून फोटो पाठवा, फ्लॅश न मारता. आणि एक तारीख लिहून ठेवा, तुमच्या प्लॉटमधला पहिला आवाज कोणत्या रात्री आला ती. माझ्या वहीत वाघोडिया रोडच्या त्या बाजूची एकही नोंद नाही.